उभा जन्म

चढावर, डाव्या हाताला बीटचं शेत संपतं,
तिथे सिमेंटचा एक खांब आहे, वाकलेला.
त्याच्या शेजारची जागा माझी.
एकोणीसशे अठ्ठावन्नपासून,
दर एप्रिलात, एक रविवार.

परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
पडल्या पडल्या हिशेब मांडला :
सायकली समोरून सरतात, वीस सेकंद.
मागे रेंगाळलेले धरले तर दीड मिनिट.
साठ वर्षं गुणिले दीड.
नव्वद मिनिटं झाली.
मेहुणा मोरिस हसला,
‘एवढा तर आमचा फुटबॉलचा एक सामना असतो.’
फ्लँडर्समध्ये राहून माणूस असं बोलतो.

पहिल्या वर्षी मी बाबांच्या खांद्यावर होतो.
ते लिननच्या गिरणीत. कोटाला ओल्या जवसाच्या काड्यांचा वास.
पुढचे गेले, लोक पांगले,
बाबा हलेनात.
बऱ्याच वेळानं एक पोरगा आला,
दातांपर्यंत चिखल,
आणि त्याच्या मागे, हार मानलेल्यांना गोळा करणारी गाडी,
अगदी सावकाश, कसायाच्या धीरानं.
बाबांनी टोपी काढली.
म्हणाले, ‘याला घरी जायला रात्र होणार.’

एकाहत्तर साली मी मोहरीची बाटली शोधत होतो,
तेवढ्यात पहिला निघून गेला.
पांढरे बूट घालून आलेल्या एका मुलीनं सगळं सांगितलं,
दगडांवर चाक कसं घसरलं, कोण कसा सावरला.
‘लाल शर्टवाला पुढे होता,’ ती म्हणाली.
निळा होता. सगळं गाव सांगत होतं, निळा.
गोडेलिव्हशी चव्वेचाळीस वर्षं संसार केला,
ती शेवटपर्यंत लालच म्हणाली.
पेपरातलं कात्रण अजून आहे ड्रॉवरमध्ये.
फोटो काळा-पांढरा.

ओडिलॉननं तीनदा जिंकली शर्यत.
त्यानं भिरकावलेली पाण्याची बाटली
माझ्या छातीवर आदळली होती, मी आठवडाभर शर्ट धुतला नाही.
मग म्हातारपणी, टीव्हीवर, इस्त्रीच्या सदऱ्यात,
त्यानं सांगितलं दंडात काय काय टोचून घ्यायचा ते.
मी बाटली घेऊन कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो.
परत आलो.
आता तिनं जिरॅनियमला पाणी घालतो.
जरा जास्तच फोफावलाय.

साथीच्या वर्षी शर्यत रद्द झाली.
तरी गेलो, खांब होताच.
साडेतीनला रोम्बाउट आला, ट्रॅक्टरवर, खत घेऊन, एकटा.
मी टाळ्या वाजवल्या.
तो क्षणभर गोंधळला,
मग त्यानं दोन्ही हात वर केले.

गोडेलिव्ह मार्चमध्ये गेली होती, त्या वर्षीही गेलो.
थर्मासबरोबर दोन कप आणले होते, सवयीनं.
कोण जिंकलं ते मला आजही सांगता येणार नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. आधी ऐकू येतं,
हेलिकॉप्टर, मग दोन्ही बाजूंची कुत्री,
मग साखळ्यांचा आवाज,
शिवणाच्या कारखान्याचं दार कुणी उघडावं तसा.
नात विचारते, ‘घरी का नाही बघत?
सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं दिसतं.’
दिसतं.
पण ते वारं लागत नाही.
दीडशे माणसं अंगाजवळून जातात
तेव्हा एक वारं येतं, मालिशच्या तेलाचं, केळ्याच्या सालींचं,
टोपी धरावी लागते.

लोक म्हणतील, उभा जन्म घालवला यानं यात.
खरंच की.
बसायला तिथे जागाच नाही.

यंदा सगळ्यात शेवटी आला तो विशीचाही नसेल.
पाठीवरचा नंबर फाटून लोंबत होता.
गाडी त्याच्या मागे, होती तशीच.
माझ्याजवळ येऊन त्यानं विचारलं, ‘किती राहिलं?’
अठरा किलोमीटर, आणि अजून दोन चढ.
मी टोपी काढली.
म्हणालो, ‘आलंच.’